प्रवाळ मत्स्यालयातील वाळूचा थर

प्रवाळ मत्स्यालयातील वाळूचा थर हा खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या तळाशी पसरलेला थर होय. तो बहुधा ॲरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटयुक्त खनिजाच्या वाळूचा असतो. माशांची विष्ठा, उरलेले अन्न व मृत शैवाल यांचा गाळ त्यात साचत असल्याने त्याची नियमित निगा राखावी लागते. निगेची पद्धत मुख्यतः थराच्या जाडीवर अवलंबून असते.

रचना व कार्य

वाळूच्या वरच्या, ऑक्सिजनयुक्त भागातील जीवाणू अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. खोलवर ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तेथील जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू तयार करतात व तो पाण्यातून निघून जातो. सुमारे २ ते ५ सेंमी जाडीच्या उथळ थरात पहिली क्रिया प्रामुख्याने घडते, तर १० सेंमी वा अधिक जाडीच्या खोल थरात दुसरीलाही वाव मिळतो.

उथळ थराची स्वच्छता

पाणी बदलताना रुंद तोंडाची सायफन नळी वाळूत खुपसली जाते. हलका गाळ पाण्याबरोबर बाहेर पडतो व जड वाळू खाली बसते. वाळू बारीक असल्यास ती ओढली जाऊ नये म्हणून नळी चिमटून प्रवाह कमी करतात. जीवाणूंची वस्ती टिकावी यासाठी एका वेळी तळाचा काही भागच साफ केला जातो.

खोल थराची स्वच्छता

खोल थर ढवळला जात नाही. केवळ पृष्ठभागावरील गाळ काढला जातो. ऑक्सिजनविरहित भागात विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होऊ शकतो. काळे डाग व कुजलेल्या अंड्यासारखा वास ही त्याची लक्षणे होत. जुना थर एकदम उकरल्यास हा वायू व साचलेली पोषकद्रव्ये पाण्यात मिसळून मासे व प्रवाळ दगावण्याचा धोका असतो. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेला उथळ थरही याच कारणाने टप्प्याटप्प्याने साफ करतात.

उपयुक्त सजीव

नॅसेरियस गोगलगाई वाळूत पुरून राहतात व अन्नाचा वास येताच वर येतात. त्यांच्या हालचालीने वाळू भुसभुशीत राहते. काही गोबी मासे तोंडात वाळू घेऊन ती कल्ल्यांवाटे गाळून टाकतात. वाळू उपसणारा तारामासा मात्र थरातील सूक्ष्म प्राणी खाऊन संपवतो व लहान टाकीत पुढे उपासमारीने मरतो. समुद्रकाकड्याही वाळू गिळून तिच्यातील सेंद्रिय पदार्थ पचवतात. परंतु भारतात त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने त्या समुद्रातून गोळा करण्यास मनाई आहे.

प्रतिबंध

वाळूवरील लालसर, बुळबुळीत थर सहसा नीलहरित जीवाणूंचा असतो. अतिरिक्त पोषकद्रव्ये व मंद प्रवाह त्याच्या वाढीस पोषक ठरतात. नव्या टाकीतील तपकिरी थर बहुधा डायॅटम या सिलिकेट वापरणाऱ्या शैवालांचा असून तो अनेकदा आपोआप ओसरतो. मोजके अन्न, तळापर्यंत पोहोचणारा प्रवाह व शुद्ध केलेले पाणी यांमुळे वाळू साफ करण्याची गरज कमी होते.