कुलाब्याची चुंबकीय नोंद ते क्ष-किरण वेध : सौरज्वालांच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना :
सूर्याच्या वातावरणात साठलेली चुंबकीय ऊर्जा अल्पकाळात मुक्त होते, त्या घटनेस सौरज्वाला म्हणतात. या ऊर्जेचा मोठा वाटा प्रथम इलेक्ट्रॉनांना मिळतो व ते अतिवेगवान बनतात. त्यांचा माग क्ष-किरणांवरून काढावा लागतो. या अभ्यासाच्या इतिहासातील महाराष्ट्राच्या स्थानाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन व रिचर्ड हॉजसन यांनी स्वतंत्रपणे सूर्यडागांजवळ प्रखर प्रकाश पाहिला. सौरज्वालेचे हे पहिले नोंदलेले निरीक्षण होय. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. अन्यत्र अनेक आलेख मोजपट्टीबाहेर गेले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मात्र निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून लिहिलेली नोंद टिकली. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेस, लाखिना व अलेक्स यांनी या नोंदीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटला होता.

तथापि ही नोंद परिणामाची होती. वादळ उठले ते सूर्यावरून सुटलेल्या चुंबकित वायूच्या लोटामुळे. ज्वालेतील इलेक्ट्रॉनांविषयी ती नोंद मौन बाळगते. हे इलेक्ट्रॉन सूर्याच्या दाट थरांवर आदळून मंदावतात, तेव्हा उच्च ऊर्जेचे क्ष-किरण निर्माण होतात. पृथ्वीचे वातावरण ते शोषून घेत असल्याने उपकरण उंचावर नेणे अपरिहार्य होते. २० मार्च १९५८ रोजी पीटरसन व विंकलर यांच्या फुग्यावरील उपकरणाने क्यूबाच्या आकाशात ज्वालेबरोबरच अशा प्रारणाचा स्फोट नोंदविला. पुढे योहकोह (१९९१) व रेसी (२००२) या उपग्रहांनी त्यांच्या उगमाची चित्रे घेतली. भारताने २००३ मध्ये जीसॅट-२ वर सॉक्स हे उपकरण पाठविले. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित आदित्य-एल१ वरील हेलिओस १० ते १५० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे क्ष-किरण मोजते, तर पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली घडविलेली सूट ही दुर्बीण त्याच ज्वाला अतिनील प्रकाशात टिपते.

निष्कर्ष :
१) १८५९ च्या ज्वालेची क्ष-किरण नोंद नसल्याने तिच्या तीव्रतेचे केवळ अनुमानच करता येते.
२) कुलाब्याच्या निरीक्षकांना आपल्या आकड्यांचा भावी उपयोग ठाऊक नव्हता, तरीही सातत्याने केलेली नोंद १४४ वर्षांनी पुरावा ठरली.
३) आदित्य-एल१ ची माहिती २०२५ पासून सर्वांस खुली झाल्याने पाचोऱ्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयातूनही हा अभ्यास शक्य आहे.