आज्ञा पाळायची ती कोणाची?

धाराशिवहून रेल्वेनं पुण्याला निघालं, की कुर्डुवाडी आणि दौंड मागं पडल्यावर केडगाव लागतं. बऱ्याच गाड्या तिथं थांबत नाहीत. मी मात्र दरवेळी खिडकीतून बाहेर बघते. पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती' याच गावात आहे.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या, एवढं आपल्याला ठाऊक असतं. धर्म बदलला की प्रश्न मिटले, अशीही आपली समजूत असते. त्यांचे मिटले नाहीत.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवण्याचं धाडस त्यांनी केलं. पुराण सांगत हे कुटुंब तीर्थं हिंडायचं. नियम म्हणून जे होतं ते सगळं त्यांनी पाळलं. व्रतं केली, दानधर्म केला, उपास केले. मग दुष्काळ आला. भीक मागायची लाज, अंगमेहनतीची सवय नाही. आईवडील उपासमारीतच गेले. १९७२ पाहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगायला नको.

पुढं कलकत्त्यानं 'पंडिता' पदवी दिली, पण १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई इंग्लंडला पोचल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या मठात राहत असताना मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आणि आज्ञा करणारे तिथंही भेटले! चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी इंग्रज पुरुषांना शिकवावं का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. धर्मगुरू सांगतील ते निमूट मानावं, असा सिस्टर जेराल्डिन यांचा आग्रह. रमाबाईंचं पत्रातलं उत्तर सरळ होतं: एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून उतरवलं, ते दुसऱ्याचं चढवून घेण्यासाठी नव्हे. आज्ञा पाळीन ती देवाची, आणि ती काय आहे हे माझ्या बुद्धीला पटलं पाहिजे. लेकीला काय शिकवायचं यावरूनही खटके उडाले. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं हवीत, हा त्यांचा हट्ट मला फार आवडतो. मांसाहारही त्यांनी केला नाही.

पण मनाची स्वस्थता? ती बाप्तिस्म्यानं आली नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ती १८९१ च्या सुमाराला आली, विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन वाचताना. या गृहस्थांची गंमत अशी, की पाद्री होऊन बरीच वर्षं झाल्यावर स्वतःचं प्रवचन चालू असतानाच त्यांचं परिवर्तन झालं.

ही निश्चिंती रमाबाईंना महागात पडली. त्यांच्या प्रार्थनेला शारदासदनातल्या मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मांतर करणार नाही या भरवशावर मदत दिलेल्यांचा राग मला समजतो. पण मिटल्या दारामागं प्रार्थना करणं रमाबाईंना जमणारं नव्हतं, हेही समजतं.

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली गोळा करून आणू लागल्या. स्वतःचं उपाशी बालपण त्या विसरल्या नव्हत्या. केडगावच्या जमिनीवर विहिरी खणल्या गेल्या, शाळा निघाली, छापखाना आला. अंध मुलींनाही हाताला काम मिळालं.

अखेरची वर्षं त्यांनी एकाच कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल त्यांनी मराठीत आणलं, तेही साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. ते छापलं होतं मुक्तीतल्या बायकांनीच.