दिवस गेले, पण कधीपासून?

आम्ही घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. राहायला मुंबई उपनगरात असलो तरी आमच्यात कुणाचं माहेर साताऱ्याकडे, कुणाचं रत्नागिरीकडे, तर कुणाचं जालन्याकडे. म्हणजे आमच्या सुना बाळंतपणाला येतात त्या तुमच्याच गावांत. त्यामुळे आजचा विषय तुमचाही आहे आणि आमचाही. पोटुशी बाईचे दिवस मोजायचे कसे, आणि ते मोजणं आजवर कसं कसं बदलत आलं, ते आज बोलू.

सुरुवात आमच्याच गटातल्या एका गोष्टीने करतो. आमच्या एका काकूंची सून पहिलटकरीण. तिची शेवटची पाळी आली ती वटपौर्णिमेच्या दिवशी, ३ जून २०२३ ला. वडाला जाता आलं नाही, म्हणून तारीख तिच्या पक्की लक्षात होती. माघ महिन्यात ती माहेरी गेली. कार्ड मात्र इथेच, टीव्हीखालच्या खणात राहिलं. माहेरी तिच्या आजीने बोटांवर मोजलं : आषाढ एक, श्रावण दोन, भाद्रपद तीन, आश्विन चार, कार्तिक पाच, मार्गशीर्ष सहा, पौष सात, माघ आठ, फाल्गुन नऊ. "होळीला नऊ भरतील, वर नऊ दिवस. घाई कसली?" आजी म्हणाली.

आजीचं मोजणं चुकीचं नव्हतं, पण त्या वर्षी धोंड्याचा महिना होता. अधिक श्रावण आणि निज श्रावण असे दोन श्रावण आले आणि आजीने एकच धरला. कार्डावर बाळंतपणाची तारीख होती १० मार्च २०२४. होळी आली २४ मार्चला. म्हणजे आजी ज्या दिवसाला नऊ महिने म्हणत होती, त्या दिवशी बेचाळीस आठवडे पूर्ण होत होते, आणि तिच्या हिशोबाने पुढे आणखी नऊ दिवस थांबायचं होतं.

महाशिवरात्र होऊन आठवडा उलटला तरी काही बातमी नाही, म्हणून काकूंनी फोन केला. तिकडून उत्तर आलं, "अजून महिने भरले नाहीत." काकूंनी खण उघडला, कार्डाचा फोटो काढून पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी दवाखान्यात दाखल झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण त्या रात्री आम्हा कुणालाच नीट झोप लागली नाही. तारीख फार उलटली की वारेचं काम मंदावू शकतं, गर्भजल कमी होऊ शकतं आणि बाळाच्या जिवाला धोका वाढतो. तेव्हापासून आम्ही या दिवसांच्या हिशोबाचा इतिहास विचारायला लागलो.

आपली भाषाच बघा ना. आपण म्हणतो, "तिला दिवस गेले." मग विचारतो, "कितवा?" आणि शेवटी म्हणतो, "महिने भरले." बाई गरोदर राहिली हे सांगतानाही आपण दिवसच मोजत असतो. लेखी कॅलेंडर घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून बायका हा हिशोब सणांवर आणि तिथींवर ठेवत आल्या. बाजूला बसावं लागलं, देवाला शिवता आलं नाही, अमुक पूजा चुकली, ही आठवण मनाला लागायची, पण तीच तारखेचा पुरावा व्हायची. चोरओटी बहुतेक घरी तिसऱ्या महिन्यात आणि डोहाळजेवण सातव्यात. हे सोहळेही एक प्रकारचं कॅलेंडरच. सातव्यात ओटी भरली की सगळ्या आळीला कळायचं, आता हिला जड उचलू द्यायचं नाही.

'डोहाळे' हा शब्दही जुना आहे. सुश्रुतसंहितेत गर्भाची वाढ महिन्या-महिन्याने सांगितली आहे. त्यात चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं, म्हणून आईला दोन हृदयांची, 'दौहृदिनी' म्हटलं आहे. तिच्या इच्छा म्हणजे दौहृद, आणि त्यावरून आपले डोहाळे. आपण 'दोन जिवांची' म्हणतो, तेही त्याच अर्थाचं.

या जुन्या ज्ञानाचा नव्या डॉक्टरकीच्या दृष्टीने विचार करणारी एक मराठी मुलगी होती, आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्यानंतर त्या समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षंही पूर्ण होण्याआधी, त्या गेल्या.

आता आठवडे कुठून आले ते सांगतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या हायडेलबर्गला नेगेले नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. सुइणींसाठी त्यांनी पाठ्यपुस्तकही लिहिलं. दवाखान्यात आजही त्यांच्या नावाची रीत चालते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचं. ३ जूनमध्ये सात मिळवले की १० जून, तीन महिने मागे गेलो की १० मार्च. हे साधारण २८० दिवस, म्हणजे चाळीस आठवडे. पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी येते असं यात धरलेलं असतं. ज्यांची पाळी पुढे-मागे होते त्यांनी नर्सला तसं आधीच सांगावं.

आणि आपले 'नऊ महिने नऊ दिवस'? इंग्रजी महिन्यांनी मोजले तर नेगेलेंच्या हिशोबात आणि यात दोनच दिवसांचा फरक पडतो. आपला चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा. असे नऊ महिने म्हणजे साधारण २६६ दिवस. गर्भ राहिल्यापासून बाळंतपणापर्यंत सरासरी एवढेच दिवस लागतात. तेव्हा आपल्या आज्या अडाणी नव्हत्या. घोळ होतो तो मोजायला कुठून सुरुवात केली यात, आणि धोंड्याचा महिना सुटला तर.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायलाच हवी. दवाखाना मोजतो शेवटच्या पाळीपासून, आणि गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. कोकणात चाकरमानी गणपतीला घरी येतो. समजा नवरा गणपतीच्या दोन दिवस आधी आला आणि बायकोची पाळी त्याच्या बारा दिवस आधी येऊन गेली होती. कार्डावर दिवस त्या पाळीपासून धरलेले असतात. घरात कुणीतरी बोटं मोजतं आणि म्हणतं, "तेव्हा तर हा गावात नव्हताच!" या दोन आठवड्यांवरून बायकांनी संशय सोसलाय, रडून रात्री काढल्यात. मैत्रिणींनो, ते दोन आठवडे हिशोबाच्या रीतीचे आहेत, बाईच्या वागण्याचे नाहीत. ही एक गोष्ट तुमच्या गटात मोठ्याने सांगा, सासवांना आणि पुरुषांनाही ऐकू द्या.

आठवड्यांना कायद्यातही मोल आलं ते आपल्या मुंबईमुळे. गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी म्हणून मुंबई प्रांताच्या विधिमंडळात विधेयक आलं. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबईचा मातृत्व लाभ कायदा झाला. देशासाठी एक कायदा व्हायला १९६१ उजाडलं. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा आहे आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या तारखेआधी घेता येतात. हा हिशोबही त्या तारखेवरच बसतो. अर्थात आमच्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांना असली रजा अजून कुणी देत नाही.

आमच्या उपनगरांकडे येऊ. अंधेरी, घाटकोपर हा भाग १९५० मध्ये महापालिकेत आला. बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये. त्यानंतर इथे पालिकेचे दवाखाने आणि प्रसूतिगृहं वाढत गेली. घाटकोपरचं राजावाडी, मुलुंडचं अगरवाल, बोरिवलीचं भगवती, जुहूचं कूपर ही नावं आमच्या बायकांना माहेरच्या गावासारखी पाठ आहेत. १९८८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने वस्त्यांजवळ आरोग्य केंद्रं उभी राहिली आणि आरोग्यसेविका दारात येऊन विचारू लागल्या, "ताई, पाळी कधी आली होती?"

याच काळात घराच्या भिंतीवर आणखी एक गोष्ट आली होती. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं. एकाच पानावर तिथी आणि तारीख. दुधाचा हिशोब, सिलिंडर कधी लावला, भिशीचा हप्ता, सगळं त्याच्यावर. त्याच चौकटीत कोपऱ्यात एखादी बारीक फुली असायची. पुरुषांना तिचा अर्थ माहीत नसायचा. ती बाईची खूण. आमच्या मते मराठी घरातलं गरोदरपणाचं पहिलं छापील कॅलेंडर हेच. अधिक महिनाही त्यात छापलेला असतो, त्यामुळे आजीचा घोळ तिथे होत नाही.

मग सोनोग्राफी आली. पहिल्या तीन महिन्यांत केली तर गर्भ किती आठवड्यांचा आहे ते ती बऱ्यापैकी अचूक सांगते. पुढे जसजसे महिने जातात तसतसा तो अंदाज सैल होतो. पण लिंग तपासून मुली पाडायलाही हेच तंत्र वापरलं गेलं. मुंबईतल्या स्त्री संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा. यंत्राला आठवडे विचारावेत, मुलगा की मुलगी ते विचारू नये.

काही वेळा आठवड्यांवर सगळंच अडतं. १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला वीस आठवड्यांची मर्यादा होती. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका गर्भवतीने दाद मागितली. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष होता, पण तो कळेपर्यंत मर्यादा उलटून गेली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली आणि देशभर चर्चा झाली. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत गेली. गर्भात गंभीर व्यंग असेल आणि वैद्यकीय मंडळाने तसं सांगितलं, तर ती आड येत नाही.

आणि आता हे कॅलेंडर बोलायला लागलंय. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'अरमान' संस्थेची 'एममित्र' ही सेवा मुंबईतल्या वस्त्यांतून सुरू झाली. बाईचा फोन नंबर, शेवटच्या पाळीची तारीख, भाषा आणि फोनची सोयीची वेळ नोंदवली की तिच्या त्या-त्या आठवड्याचा निरोप फोनवर ऐकू येतो. वाचता येण्याची गरजच नाही. सरकारची 'किलकारी' सेवाही अशीच. ती देशात २०१६ मध्ये आणि महाराष्ट्रात २०२४ मध्ये आली. त्यात चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत बहात्तर निरोप येतात. पण आमचा अनुभव असा, की नंबर नवऱ्याचा असेल तर निरोप त्याच्यासोबत कामावर जातो. आणि तारीख अंदाजाने सांगितली असेल तर फोन सातव्या महिन्याचं सांगतो आणि बाईला नववा लागलेला असतो. यंत्र कितीही हुशार असलं तरी पहिली तारीख बाईनेच द्यायची असते.

म्हणून आम्ही आमच्या गटात चार गोष्टी ठरवल्या आहेत, त्या तुम्हालाही सांगतो.

पाळी आली की तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. लग्न झालेलीने आणि न झालेलीनेही. त्यात लाज नाही.

पाळी चुकली की बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवायचं. मग चौदा ते सव्वीस, अठ्ठावीस ते चौतीस आणि छत्तीस आठवड्यांनंतर, अशा निदान चार तपासण्या. अठरा-वीस आठवड्यांच्या सुमारास पहिलटकरणीला बाळाची हालचाल कळू लागते, तो दिवसही लिहून ठेवायचा. सदतीस आठवडे झाले की बॅग भरलेली हवी. चाळीस उलटले आणि कळा नाहीत, तर घरी वाट पाहत न बसता दवाखान्यात दाखवायचं.

कार्ड बाईसोबत प्रवास करणार. निघण्याआधी त्याचा फोटो सासरच्या एका आणि माहेरच्या एका फोनवर. माहेरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ते आशाताईंना दाखवायचं.

आणि अंगावर रक्त गेलं, पाणी गेलं, चेहऱ्यावर सूज येऊन डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर कुठलंही कॅलेंडर बघायचं नाही. थेट दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन करायचा.

आमच्या काकूंची नात आता घरभर धावते. तिची पणजी मध्यंतरी मुंबईला आली होती. भिंतीवरचं कालनिर्णय बघून म्हणाली, "एक माझ्यासाठी पण घे गं, गावाला न्यायला." आता तिच्या घरात ते चुलीशेजारच्या भिंतीवर लागलंय. धाकट्या नातीचं लग्न ठरलंय, आणि आजीने तिच्यासाठी खिळ्याला दोरीने एक पेन्सिल बांधून ठेवली आहे.

पुढच्या वेळी भेटू. तोवर तुमच्या गटात विचारा, कुणाची तारीख कुठे लिहिलेली आहे. नमस्कार.