लकव्याच्या पुसट खुणा

नांदगाव खंडेश्वरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की घरचे अमरावतीची वाट धरतात. हाताला मुंग्या येऊन दहा मिनिटांत गेल्या, तर मात्र तो माणूस पुन्हा कामाला लागतो. मेंदूतले लकव्याचे बारीक झटके शोधण्याचा इतिहास खरं तर याच दुसऱ्या माणसाचा आहे.

हे झटके फार काळ मृत्यूनंतरच दिसत. 1838मध्ये देशाँब्र या फ्रेंच डॉक्टरांनी अशा झटक्यांनी मेंदूत मागे सोडलेल्या लहान पोकळ्यांचं वर्णन केलं. पुढे बोस्टनच्या मिलर फिशर यांनी 1042 मेंदू तपासले. 114 मेंदूंत अशा 376 पोकळ्या सापडल्या, आणि त्या माणसांपैकी जवळपास सगळ्यांना उच्च रक्तदाब होता. 1965चा हा शोधनिबंध आजही आधार मानला जातो.

1971मध्ये सीटी स्कॅन आला. मेंदूतला रक्तस्राव त्यात लगेच कळू लागला, पण रक्तपुरवठा तुटून झालेला ताजा, बारीक झटका त्यातूनही निसटायचा. एमआरआय आल्यावरही जुना व्रण कोणता आणि आजचा कोणता, हे सांगणं अवघडच होतं.

कोडं सुटलं ते पाण्यामुळे. रक्त थांबलं की मेंदूच्या पेशी फुगतात आणि पाण्याच्या रेणूंची मोकळी हालचाल अडते. ही हालचाल टिपणारं डिफ्युजन चित्रण देनी ल बिआँ यांनी 1980च्या दशकात विकसित केलं. 1990मध्ये मायकेल मोझली यांनी मांजरांवर दाखवलं, की ताजा झटका त्यात फार लवकर दिसतो. माणसाच्या मेंदूतला काही मिलिमीटरचा ठिपकाही त्यात पांढरा चमकतो. लक्षणं गेली म्हणजे इजा झाली नाही, हा समज त्यामुळे मोडला. 2009मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी व्याख्याच बदलली: लक्षणं थोड्या वेळात जाणारा ‘क्षणिक झटका’ ठरवताना घड्याळाऐवजी मेंदूला इजा झाली का, ते पाहायचं.

विदर्भाचं चित्र वेगळं. गडचिरोलीच्या 86 गावांत ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासकांनी मृत्यूंची कारणं घरोघरी विचारून शोधली. 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 1599पैकी 229 मृत्यू लकव्याने झालेले निघाले. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण तेच होतं, आणि त्यातले बहुतेक जण घरीच वारले. एमआरआयच्या यंत्रापर्यंत पोचायलाच हवी होती अशी ही माणसं होती.

म्हणून हात क्षणभर बधिर झाला, जीभ अडखळली आणि लगेच बरं वाटलं, तरी घरी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रक्तदाब मोजून घ्या आणि एमआरआय लागेल का, हे स्वतःहून विचारा.