बुवांच्या जागेवर

बुवा आषाढात गेले. आवणीचे दिवस होते, माणसं वावरातून उठून चिखलाच्या पायांनी तशीच आली. दिवस झाले आणि पाठशाळेच्या पडवीत आम्ही आठ-दहा जण गोणपाट अंथरून बसलो. बराच वेळ कुणी बोलेना. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "आता बुवांच्या जागेवर कोण?"

पाठशाळा म्हणजे मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या पत्र्याच्या दोन खोल्या, सारवलेली पडवी आणि मागे चूल. मुलं तेवीस. पहाटे काकडा, दिवसा जिल्हा परिषदेची शाळा, दिवेलागणीला हरिपाठ, मग पखवाज आणि रात्री ज्ञानेश्वरीच्या दोन-चार ओव्या अर्थासकट. वारली, ठाकूर, कोकणा, महादेव कोळी, कातकरी अशी सगळ्या घरांतली मुलं. मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो तेव्हापासून हिशेबाची वही माझ्याकडे आहे. त्यामुळे नवा माणूस शोधायचं कामही माझ्याकडेच आलं.

माझा आजा रात्री शेकोटीजवळ जव्हारच्या गादीच्या गोष्टी सांगायचा. आमचा मोखाडा तेव्हा इंग्रजी मुलखात, शहापूर तालुक्याचा पेटा. जव्हार मात्र मुकण्यांचं संस्थान. तरी राजाच्या गोष्टी आमच्याकडे जास्त. त्यातली बैलाच्या कातड्याची गोष्ट त्याच्या फार आवडीची. जव्हारवर तेव्हा वारल्यांचा राजा होता. एक कोळी त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, बैलाचं कातडं मावेल एवढी जागा दे. राजा हसून हो म्हणाला. कोळ्याने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्या वादीने अख्खा डोंगर वेढला. आजा त्या कोळ्याला पोपेरा म्हणायचा. पुस्तकांत जायबा मुकणे म्हणून येतो तो हाच, असं मानतात. पुढे १३४३ साली जायबाच्या मुलाला, नेमशहाला, दिल्लीच्या सुलतानाने राजा मानलं आणि ती गादी १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत चालली. आजा स्वतः महादेव कोळी, पोपेऱ्याच्या हुशारीचा त्याला अभिमान. पण गोष्ट संपवताना तो दर वेळी म्हणायचा, "जागा मात्र वारल्याची."

ते वाक्य लहानपणी नुसतं ऐकलं होतं.

आजा दुसरी गोष्ट सांगायचा ती त्याने स्वतः तरुणपणी ऐकलेली. १९२७ साली जव्हारचे महाराज वारले आणि दहा वर्षांचं पोर गादीवर आलं. ते यशवंतराव मुकणे. ते सज्ञान होईपर्यंत कारभार दुसऱ्यांनी पाहिला. राजाचा मुलगा राजा, मग तो दहा वर्षांचा का असेना, यात तेव्हा कुणालाच वावगं वाटलं नाही.

यशवंतरावांचा जन्म १९१७ चा. त्याच सालच्या गुढीपाडव्याला आळंदीत विष्णुबुवा जोग यांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. हे दोन्ही १९१७ मी एका ओळीत ठेवतो, कारण आमच्या बुवांचं सगळं आयुष्य त्यातल्या दुसऱ्याने घडवलं.

वारकऱ्यांमध्येही गादी असते. वासकर, देहूकर असे मोठे फड घराण्यांनी सांभाळले आणि पिढ्यान्‌पिढ्या नेकीने सांभाळले, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. पण ज्याच्या घरात फड नाही त्या पोराने ज्ञानेश्वरीचा अर्थ कुणापाशी बसून शिकायचा? जोग महाराजांनी ही अडचण ओळखली. ते पुण्याचे, पहिलवानांच्या घरातले, आजन्म ब्रह्मचारी. कीर्तनाचा पैसा त्यांनी घेतला नाही. आळंदीत त्यांनी मुलांना चार वर्षं बसवून शिकवायला सुरुवात केली, फुकट. मुलांनी गावात माधुकरी मागून जेवायचं. आणि संस्था तीन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा, १९२० च्या फेब्रुवारीत, महाराज गेले.

मुलगा नाही, घराणं नाही. तीन वर्षांचं रोप आणि माळी गेलेला. अशा वेळी ती संस्था कुणी धरली? महाराजांच्या पायाशी बसलेल्या माणसांनी. बंकटस्वामी होते, मारुतीबुवा गुरव होते आणि सोनोपंत दांडेकर होते. सोनोपंतांचा जन्म १८९६ च्या एप्रिलचा, म्हणजे महाराज गेले तेव्हा त्यांना चोविसावंही पुरं झालं नव्हतं. पुढे ते पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, १९५३ साली त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी आली आणि ती दांडेकरांची प्रत म्हणून घराघरांत गेली. लोक त्यांना मामा म्हणायचे. संस्था टिकली, शंभरी ओलांडून आजही आळंदीत मुलं शिकताहेत.

आमचे बुवा त्या संस्थेत शिकले ते साठच्या दशकात. वारीत भेटलेल्या एका टाळकऱ्याचा हात धरून अठराव्या वर्षी ते आळंदीला गेले. मामांची कीर्तनं त्यांनी ऐकली होती. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस उभा राहिला की अडाणी म्हातारीलाही सगळं कळायचं, असं ते सांगत आणि वर म्हणत, "मामा आपल्याच जिल्ह्याचे रे, केळवे-माहीमचे." तेव्हा जिल्हा ठाण्याचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला त्या दिवशीही त्यांनी मला हेच ऐकवलं. "बघ, मामा अजून आपल्याच जिल्ह्यात." पालघरचं मोठं महाविद्यालय सोनोपंतांच्या नावाचं आहे, तिथे आमच्या पाठशाळेतली दोन मुलं शिकली याचा त्यांना केवढा आनंद होता.

आळंदीहून परत आल्यावर बुवांनी बरीच वर्षं शेतीच केली. मग १९९२ आलं. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत लहान मुलं कुपोषणाने गेली. सगळ्या देशात जव्हारचं नाव झालं ते असं. बुवा ते गाव बघून आले आणि तीन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी स्वतःच्या पडवीत सात मुलं आणून ठेवली. आळंदीसारखी माधुकरी इथे कुणाच्या दारात मागणार? दारातल्याच चुली थंड. मग त्यांनी रीत पाडली की कापणी झाली की ज्याला जमेल त्याने पायलीभर नागली किंवा वरई द्यायची. न देणाऱ्याचं पोरही तितकंच जेवायचं. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जगायला गेले की पोरं मागे कुठे राहणार, हा आमच्याकडचा जुना प्रश्न. पाठशाळेची भिंत त्या प्रश्नावर उभी आहे.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पखवाजाच्या धुमेला कणीक लावावी लागते, त्याशिवाय तो बोलत नाही. आमच्याकडे गहू पिकत नाही. म्हणून वाण्याकडून पावशेर गव्हाचं पीठ यायचं ते फक्त पखवाजासाठी. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची. मुलं तिचे एवढेएवढे गोळे निखाऱ्यावर भाजून खायची, त्यांना त्या चवीचं अप्रूप. बुवा तेवढ्यापुरते पाठ करून बसायचे. मग एक दिवस वहीत त्यांच्या हातची नोंद दिसली, "पखवाजाचे पीठ, अर्धा किलो." पखवाज तेवढाच होता.

तर अशा माणसाची जागा भरायची होती.

पावसाळाभर मी हिंडलो. नाशिककडच्या एका नावाजलेल्या कीर्तनकारांचं नाव बऱ्याच जणांनी सुचवलं. भले गृहस्थ. ते म्हणाले, नाव लावा, महिन्यातून एकदा येईन. एका गावाने सांगितलं, बुवांच्या पुतण्याला बसवा, रक्ताचं माणूस आहे. पुतण्याला मी भेटलो. त्याने हात जोडले आणि सांगितलं की माझं दुकान आहे, मला हरिपाठही पुरता येत नाही. त्याच्या या खरेपणाबद्दल मला त्याचा आदर वाटतो. आणखी एक-दोन ठिकाणी गेलो, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पौषात आमची दिंडी नेहमीप्रमाणे त्र्यंबकेश्वरला निघाली. पौष वद्य एकादशीची निवृत्तिनाथांची यात्रा म्हणजे जव्हार-मोखाड्याची पंढरी. घाट चढताना एक म्हातारी पोरांना गोष्ट सांगत होती. आईबापांबरोबर ब्रह्मगिरीची फेरी करताना वाघ आला, सगळे पळाले, निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. आत गहिनीनाथ बसलेले. त्यांनी आपलं सगळं त्या पोराच्या ओंजळीत टाकलं. निवृत्तीने ते धाकट्या भावाला, ज्ञानदेवाला दिलं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. त्या दिवशी मात्र गुहेच्या अलीकडे थांबलो. गहिनीनाथ शिष्य शोधत गावोगाव हिंडले नव्हते. पोर दाराशी आलं आणि त्यांनी ते ओळखलं.

आमच्या दाराशी एक पोर होतं. दिंडीत सगळ्यात पुढे पखवाज गळ्यात घालून चालत होतं. वारली घरातला मुलगा, वय सव्वीस. आईबाप भट्टीवर असताना सातव्या वर्षी बुवांकडे आला. मोठा झाल्यावर आळंदीला चार वर्षं काढून परत आला. बुवांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांची अंथरुणं त्याने धुतली. आषाढापासून कुणी न सांगता काकडा, हरिपाठ, मुलांच्या डोक्यातल्या उवा, सगळं तोच बघत होता. मी सहा महिने बाहेर शोधत फिरलो आणि रोज संध्याकाळी त्यानेच दिलेला चहा प्यालो.

परत आल्यावर पुन्हा बैठक झाली. मी त्याचं नाव घेतलं. एकजण म्हणाला, वय लहान आहे. मी सोनोपंतांचं वय सांगितलं. दुसरा खाली बघत म्हणाला, "पोरगा चांगला आहे, पण वारली बुवा... बाहेरगावचे लोक पाया पडतील का?"

मला संताप आला. जन्मभर विठ्ठलाच्या नावाने एका रांगेत जेवायचं आणि जागा द्यायची वेळ आली की हे काढायचं! पण मी बोलायच्या आत आमच्यातला सगळ्यात वयस्कर, माझ्या आज्याच्याच भावकीतला महादेव कोळी म्हातारा बोलला. तो बैठकीत सहसा बोलत नाही.

"बैलाच्या कातड्याएवढी जागा मागितली तेव्हा वारल्याने नाय म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "आता त्याचा नातू एवढीशी पडवी मागत पण नाय. आपणच देतोय. तेवढ्याला कां कूं करता?"

कुणी काही बोललं नाही. चुलीवरून स्वयंपाकाच्या मावशी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले. "माझं एकच हाय. रातीं पोराला ताप आला तं तो उठतो. मी बघते ना रोज." एवढं बोलून त्या आत गेल्या.

ठराव मी लिहिला. अध्यक्ष हा शब्द लिहायला गेलो तर तो मुलगाच म्हणाला, "गुरुजी, तिथे बुवांचंच नाव राहू द्या. मला 'सांभाळणारा' लिहा." नियमात तसं बसत नाही, म्हणून कागदावर अध्यक्ष लिहिलं. पाठशाळेतल्या फळीवर खडूने मात्र त्याने सांगितलं तेच लिहिलं आहे.

गुढीपाडव्याच्या सकाळी तो बुवांच्या खोलीत राहायला गेला. बुवांची दांडेकरांची ज्ञानेश्वरी, खताच्या गोणीच्या कापडाचं वेष्टण घातलेली, त्याच्या हातात आहे. त्या संध्याकाळी वहीत पहिली नोंद त्याच्या अक्षरात पडली : पखवाजाचे पीठ, एक किलो.