दूरध्वनीच्या तारेवरील प्रतिध्वनी आणि मोडेमचे द्विदिश संप्रेषण : एक ऐतिहासिक आढावा

डायल-अप मोडेमचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून मांडला जातो. वस्तुतः एकाच तारजोडीवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश कसे धाडावेत, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. ग्राहकाच्या घरापर्यंत दोनच तारा येतात. लांब पल्ल्याच्या मार्गावर मात्र जाणारे व येणारे संकेत स्वतंत्र असतात. हा सांधा 'हायब्रिड' नावाच्या रोहित्राने साधला जाई. तारेचा संरोध त्याच्याशी तंतोतंत जुळत नसल्याने पाठविलेल्या संकेताचा काही अंश प्रतिध्वनीच्या रूपाने परत येत असे.

१९६२ च्या 'बेल १०३' मोडेमने वाटणीचा मार्ग पत्करला. दूरध्वनी जोडणाऱ्या मोडेमसाठी १०७० व १२७० हर्ट्झ, तर उत्तर देणाऱ्यासाठी २०२५ व २२२५ हर्ट्झ या वारंवारता ठरविण्यात आल्या. त्यामुळे स्वतःचा प्रतिध्वनी गाळून टाकणे सोपे झाले. परंतु सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झचा मुळातच अरुंद पट्टा विभागला गेला. वेग सेकंदाला ३०० बिट इतकाच राहिला.

यावरील उपाय मानवी संभाषणाच्या अभ्यासातून पुढे आला. जुनी प्रतिध्वनी-रोधक यंत्रणा एकजण बोलत असताना परतीची वाट बंद करीत असे. उपग्रहामार्गे होणाऱ्या संभाषणातील विलंबामुळे हा दोष असह्य ठरला. बेल प्रयोगशाळेतील केली, लोगन आणि भारतात जन्मलेले मनमोहन सोंधी यांनी १९६० च्या दशकात निराळा विचार मांडला. पाठविलेला संकेत ज्ञात असल्याने त्याच्या प्रतिध्वनीचे अनुमान करून ते येणाऱ्या संकेतातून वजा करावे आणि उरलेल्या चुकीवरून अनुमान सतत सुधारावे, असे हे तत्त्व होते.

१९८४ च्या 'व्ही.३२' मानकाने हे तत्त्व मोडेममध्ये रूढ केले. दोन्ही मोडेम १८०० हर्ट्झ याच वाहक वारंवारतेवर, संपूर्ण पट्टा वापरून, सेकंदाला ९६०० बिट पाठवू लागले. जोडणीच्या प्रारंभी एक मोडेम मौन पाळी व दुसरा आपल्या प्रतिध्वनीचे स्वरूप शिकून घेई. २१०० हर्ट्झचा उत्तर-स्वर जाळ्यातील रोधक यंत्रणा निष्क्रिय करी. १९९४ च्या 'व्ही.३४' मानकाने हा वेग २८,८०० पर्यंत नेला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा घरगुती ग्राहकाचा आधार हीच तार होती.

सारांश, तार न बदलता तिची क्षमता वाढली, ती आवाजाची वाट अडवून नव्हे, तर स्वतःचाच आवाज ओळखून वजा केल्यामुळे.