तांबड्या ठिपक्याचा इतिहास

गिर्यारोहणाचा इतिहास बहुधा शिखरांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. उंची किती, प्रथम कोण पोचले, ध्वज कोणत्या राष्ट्राचा, हे त्याचे ठरलेले प्रश्न. त्यामुळे जेथे मिरवण्याजोगी उंचीच नाही अशा ठेंगण्या डोंगराळ प्रदेशांत घडलेले एक मूल्यांतर दुर्लक्षित राहते. जर्मनीतील एल्ब नदीकाठचे वालुकाश्माचे सुळके आणि उत्तर बव्हेरियातील फ्रँकनयुरा हा चुनखडकाचा प्रदेश ही त्याची दोन महत्त्वाची स्थळे होत.

ड्रेस्डेनजवळच्या त्या सुळक्यांवर 1864 साली बाड शांडाउच्या काही व्यायामपटूंनी फाल्कनश्टाइन सर केला, तो कृत्रिम साधनांच्या मदतीने. 1874 मध्ये म्योंखश्टाइनवर मात्र अशी साधने न वापरता आरोहण झाले. पुढे रुडॉल्फ फेरमान यांनी 1913 च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात या वृत्तीला नियमांचे रूप दिले. चढायचे ते कातळाने देऊ केलेल्या आधारांवर, स्वतःच्या हातापायांनी. दोर आणि लोखंडी कडी केवळ सुरक्षिततेसाठी. वालुकाश्म मऊ असल्यामुळे ओल्या खडकावर चढणे तेथे निषिद्ध ठरले; धातूच्या पाचरींऐवजी कपारीत दोराच्या गाठी बसवण्याची रीत आजही पाळली जाते. येथे नीती आणि भूगर्भशास्त्र एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

जर्मनीची फाळणी झाल्यावर ही परंपरा पूर्वेकडे राहिली. 1973 मध्ये पश्चिमेकडील न्यूरेंबर्गच्या कुर्ट आल्बर्टने ती पाहिली आणि तो प्रभावित झाला. गणित व भौतिकशास्त्राचा हा पुढे शिक्षक झालेला तरुण परतल्यावर फ्रँकनयुरातील जुने मार्ग नव्या दृष्टीने वाचू लागला. तेथे खिळ्यांना धरून, त्यांच्यावर पाय देऊन चढण्याची पद्धत रूढ होती. जो खिळा आधारासाठी वापरायचा नाही त्यावर तो लाल फुली काढी. आणि सगळा मार्ग असा मुक्तपणे चढून झाला की पायथ्याशी लाल ठिपका रंगवी. साल होते 1975. 'रोटपुंक्ट', म्हणजे तांबडा ठिपका, ही संज्ञा तेथून जगभर गेली.

साहित्याच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही दिसावे. वृत्त स्वीकारणारा कवी शब्दांची मोकळीक गमावतो आणि तिच्या बदल्यात काहीतरी मिळवतो. आल्बर्टचा ठिपकाही असेच बंधन आहे. मार्ग तोच, कातळ तोच. बदलली ती केवळ वाचनाची अट. जो मार्ग 'झालेला' समजला जात होता, तो या अटीमुळे पुन्हा अपूर्ण ठरला.

या अटीने किती दूर नेले, हे वोल्फगांग ग्युलिखच्या कामगिरीवरून कळते. 1991 मध्ये त्याने फ्रँकनयुरात 'अॅक्शन डायरेक्ट' हा मार्ग पूर्ण केला. एकदोन बोटे जेमतेम मावतील अशा खळग्यांवरून जाणारा हा लहानसा मार्ग जगातला पहिला 9ए मानला जातो. पायांचा आधार न घेता लाकडी पट्ट्यांवर बोटांच्या बळाने चढण्याचा जो सराव त्याने रूढ केला, तो आज जगभरच्या व्यायामशाळांत चालतो. 1992 मध्ये मोटार अपघातात वयाच्या 31 व्या वर्षी तो गेला. आल्बर्टचाही अंत 2010 मध्ये फ्रँकनयुरातच पडून झाला.

या परंपरेत एक अंतर्विरोध आहे, तो झाकून चालणार नाही. पक्क्या बोल्टमुळे पडणे सुरक्षित झाले, म्हणूनच अवघड मार्गांची पुनःपुन्हा तालीम शक्य झाली. पण प्रत्येक बोल्ट म्हणजे कातळाला पाडलेले भोक. खडकाचा मान राखणारा ठिपकासुद्धा अखेर खडकावरच रंगवलेला. वाढत्या गर्दीनंतर फ्रँकनयुरात कड्यांची विभागणी करावी लागली: काही ठिकाणी आरोहण बंद, काही ठिकाणी नवे मार्ग बंद, पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात आणखी काही कडे बंद.

2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाला पदके मिळू लागली. तेथली भिंत कृत्रिम आणि आधार माणसाने बसवलेले. म्हणजे खडक वाचला, पण ज्या खडकाने नियम शिकवले तो दृष्टीआड झाला. जमते ते सारे करायचे नाही, हा संयम फेरमानच्या पिढीला मऊ दगडाने शिकवला होता. दगड समोर नसताना तो कोण शिकवणार, हा प्रश्न केवळ आरोहकांपुरता मर्यादित नाही.